चार इमलीतला मुत्तू

भोपाळला जायला आपल्या बेळगावकरांना गाडी बदलावी लागत नाही. वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी असे करीत ती थेट भोपाळला नेऊन सोडते. एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस, एवढाच प्रवास. तरीही माझा शाळासोबती तिथे बावीस वर्षे होता आणि त्या बावीस वर्षांत मी त्याच्या घरी मुक्कामाला एकदाही गेलो नव्हतो. ‘येतो की रे, सुट्टी लागू दे,’ असे म्हणत राहिलो. एका पावसाळ्यात तो हृदयविकाराने गेला. दिवसकार्याला एकटा जाऊन आलो, पण ते जाणे काही जाणे नव्हे. मग डिसेंबरात वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, मुत्तूचं काय करायचं ते येऊन सांगा. क्वार्टर सोडायची वेळ आली आहे.”

मुत्तू म्हणजे त्याचा कुत्रा. नाताळच्या सुट्टीत पत्नीला आणि सहावीतल्या लेकीला घेऊन निघालो, ते मनाशी ठरवूनच की येताना कुत्रा घेऊन यायचा. रेल्वेत कुत्रा कसा आणतात, ब्रेकव्हॅनमधली पेटी कशी आरक्षित करतात, याची चौकशीही स्टेशनवर करून ठेवली होती.

चार इमली ही भोपाळमधली सरकारी अधिकाऱ्यांची वसाहत. अरेरा कॉलनीला लागून, टेकाडाच्या चढउतारावर वसलेली. बंगले बैठे, आवारे ऐसपैस, रस्त्यावर झाडांची सावली, आणि मंत्री-सचिव राहतात म्हणून फाटकाफाटकावर शिपाई. भोपाळमध्ये बसथांब्यांना नंबर आहेत. पाच नंबर, सहा नंबर, दहा नंबर असे पत्ते सांगतात आणि रिक्षावाल्याला ते पुरतात. त्या आकड्यांच्या गर्दीत चार इमली हे नाव मला फार आवडले. इमली म्हणजे चिंच. आपल्याकडे चिंचली आहे, मायाक्काची. तशी ही चार चिंचांची. कानडीत सांगायचे तर नाल्कु हुणसेमर. त्या मूळच्या चार चिंचा कोणत्या, हे मी तिथे तिघांना विचारले आणि तिघांनी तीन वेगवेगळ्या दिशांना हात केले. चौथ्याला विचारले नाही.

मित्राच्या आवारात मात्र एक चिंच होती आणि तिच्याखाली मुत्तू बसलेला होता. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, कान लोंबते, छाती खोल, कंबर बारीक. जातीने पॉइंटर. महूच्या लष्करी छावणीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून तो दोन महिन्यांचे पिल्लू म्हणून आणलेला, आता सात वर्षांचा. मुत्तु म्हणजे मोती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ‘मोत्या’ हे नाव मराठी मुलखात गल्लोगल्ली असते म्हणून मित्राने त्याचे कानडी करून घेतले. मुत्तु म्हणजे मुकाही होतो, पण ते त्याने चार इमलीत कुणाला सांगितले नसावे. शेजाऱ्यांनी मुत्तुस्वामीचा मुत्तू असा अर्थ लावला होता आणि त्यामुळे आमचा हा गोकाककडचा माणूस शेजारच्या काही घरांत मद्रासी म्हणून ओळखला जात होता.

आता या कुत्र्याच्या जातीविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या भागातला शिकारी कुत्रा म्हणजे कारवानी, ज्याला सगळे जग आता मुधोळ हाऊंड म्हणते. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली, त्यातली एक जोडी पंचम जॉर्जला भेट गेली, आणि २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. कारवानी हा डोळ्यांचा कुत्रा. लांबून ससा दिसला की सुटायचा आणि वाऱ्यासारखा जाऊन त्याला गाठायचा. पॉइंटर हा नाकाचा कुत्रा. तो पाठलाग करीत नाही. वाऱ्याकडे तोंड करून नागमोडी हुंगत जातो आणि गवतात दबून बसलेल्या पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी थिजतो. मान पुढे, शेपटी ताठ, पुढचा एक पाय उचललेला. पक्षी कुठे आहे हे तो आपल्या अख्ख्या अंगाने दाखवतो, म्हणून तो पॉइंटर. हे काही शिकवावे लागत नाही, पिल्लूसुद्धा उडत्या पिसापुढे असे उभे राहते. शिकवावे लागते ते पुढचे : मालक सांगेपर्यंत हलायचे नाही.

हा सगळा खेळ जमतो तो पक्ष्याच्या स्वभावामुळे. तितर आणि लावा हे जमिनीवरचे पक्षी, रंगाने मातीसारखे. धोका दिसला की आधी उडत नाहीत. आपण दिसणारच नाही या भरवशावर स्तब्ध बसतात. म्हणजे इकडे कुत्रा स्तब्ध, तिकडे पक्षी स्तब्ध, आणि दोघांच्या मध्ये तीन-चार हात गवत. जुन्या काळी या क्षणी बंदूकवाला पुढे यायचा.

तो जुना काळ मी थोडासा पाहिलेला आहे. रायबाग भागात आमचे शेत होते आणि आजोबांकडे पिकाच्या राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. परवाना राखणीचा, पण शाळू निघाल्यावर रविवारी ती बंदूक ससा-तितरांसाठी बाहेर पडे, हे लपवण्यात आता अर्थ नाही. आजोबा, दोन काका, आमचा वाघ्या नावाचा कारवानी वळणाचा कुत्रा, आणि मागे पिशवी धरून मी. सुट्टीत राहायला आलेला हा मित्रही एका रविवारी बरोबर होता. आम्ही दोघे तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. त्या दिवशी आजोबांनी एक तितर पाडला आणि तो उचलायला आम्हाला पिटाळले. मी उचलला. तो मेलेला नव्हता. हातात काहीतरी गरम धडधडत होते आणि त्याचा डोळा माझ्याकडे होता. मी तो टाकूनही देईना आणि पिशवीतही घालेना. मित्राने माझ्या हातून घेतला आणि आजोबांकडे नेऊन दिला. आजोबांनी मान मुरगाळली. रात्री त्या एका पक्ष्याचा रस्सा अकरा माणसांत वाटला गेला. मित्राने भाकरी नुसत्या चटणीशी खाल्ली. आमच्या आईला वाटले, लिंगायताचे पोर म्हणून खात नाही. तसे ते होतेच. पण तेवढेच नव्हते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टांना नावे होती. त्यांत खास शिकार होती, मोठी शिकार होती आणि चौथ्या परिशिष्टाचे नाव ‘स्मॉल गेम’, म्हणजे लहान शिकार. परवाना काढून ती करण्याची तरतूद कायद्यात होती. १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. कायद्यातली शिकारीची व्याख्या तर पुष्कळ रुंद आहे. मारणे आणि पकडणे तर आलेच, पण पाठलाग करणे, हाका घालून उठवणे, पक्ष्यांची अंडी-घरटी विसकटणे हेही शिकारच. आमच्या आजोबांपर्यंत कायद्याची कलमे पोचली नसतील, पण एका निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक त्यांनी परत आणलीच नाही. ‘असू दे तिकडंच,’ म्हणाले. विषय संपला.

आमच्या भागातल्या हरणशिकाऱ्यांचा विषय मात्र इतक्या सहज संपला नाही. कानडीत ज्यांना चिगरी बेटेगार म्हणतात तेच हे लोक. मराठीतले फासेपारधी त्यांचेच भाऊबंद. बंदूक त्यांच्याकडे कधी नव्हती. घोड्याच्या केसांचे फास आणि पाळलेला तितर, एवढ्यावर त्यांचे पोट चालायचे. पाळलेला तितर ओरडला की रानातला तितर त्याच्याशी भांडायला येतो आणि फासात अडकतो. इंग्रजांनी १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा करून अशा कितीएक जमातींवर शिक्का मारला. तो १९५२ साली पुसला गेला, पण कागदावर. हौसेने मारणारे सुटले आणि पोटासाठी पकडणारे ठाण्यात बसले, असे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण आता पर्यटकांना वाट दाखवतात, तितराच्या हाकेची नक्कल करून दाखवतात, हे मित्रच मला फोनवर कौतुकाने सांगत होता.

भोपाळ तर शिकारीचेच संस्थान. नवाब हमीदुल्ला खान यांचा शिकारीचा नाद मोठा आणि त्यांची थोरली मुलगी आबिदा सुलतान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होती. १९५० साली ती पाकिस्तानात गेली. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र या मुलखाचे नाव दुसऱ्या एका माणसामुळे माझ्या लक्षात आहे. डॉ. सालीम अली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे ते पक्ष्यांकडे वळले, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. त्यांनी मध्य भारतातल्या संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. त्यात भोपाळ होते, आणि तिचा वृत्तान्त १९३९-४० साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. मित्राच्या कपाटात सालीम अलींची पुस्तके होती. त्यांच्या शेजारी चितमपल्लींचा पक्षिकोश आणि पूर्णचंद्र तेजस्वींची कानडी पुस्तके. तेजस्वींच्या पुस्तकांत किवि नावाचा त्यांचा कुत्रा येतो, तो वाचून वाचून याला कुत्र्याचा नाद लागला असावा. तेजस्वीही तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे बसले.

मित्राने मात्र कॅमेराही घेतला नाही. पहाटे उठायचा, मुत्तूला गाडीत घालायचा आणि भदभद्याचा पूल ओलांडून सूरजनगरच्या पुढे बिशनखेडीच्या बाजूला जायचा. तिथे मोठ्या तलावाच्या काठाने गहू-हरभऱ्याची शेते आहेत, मध्ये माळ आणि बोरीच्या जाळ्या. कुत्र्याला दहा वाव लांब दोर बांधलेला असे, तो कधीच सोडायचा नाही. कुत्रा पक्षी शोधायचा, थिजायचा. हा मागे उभा राहून बघायचा. बस. मग परत. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, उन्हाळा-पावसाळ्यात, तिकडे फिरकायचाही नाही. “बंदुकीचा बार तेवढा काढून टाकला रे, बाकी सगळी शिकार तशीच ठेवली,” असे तो मला सांगायचा. केरवा-कलियासोतच्या बाजूला जात नसे, कारण तिकडे वाघ येतात, बिबटे आहेत आणि बिबट्याला कुत्र्यासारखे पक्वान्न नाही. राजधानीच्या शहरात सकाळी फिरायला कुठे जाऊ नये याचा विचार वाघामुळे करावा लागतो, ही भोपाळची गंमत.

वहिनी इंदूरच्या. होळकरांच्या काळापासून तिकडे असलेले मराठी घराणे. त्यांचे मराठी ऐकायला गोड. ‘चहा घेऊन टाका’ आणि ‘मी आत्ता येऊन राहिले’ अशा थाटाचे. पहिल्या दिवशी पोहे-जिलबी पुढे ठेवून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीला. क्वार्टर सोडून कोलार रोडला फ्लॅट घ्यायचा आहे, तिसरा मजला. कुत्रा तिथेही राहील, त्याचे एवढे नाही. अडचण वेगळीच होती.

“हे गेल्यापासून चार वेळा मुलानं त्याला तिकडे नेलं. घरी एकदम शहाणा आहे हो तो, खातो, झोपतो, काही त्रास नाही. पण तिथे जाऊन एकदा उभा राहिला की हलतच नाही. चल म्हटलं, आजा म्हटलं, बिस्किट दाखवलं. अर्धा अर्धा तास दगडासारखा उभा. शेवटी उचलून आणावं लागतं. सत्तावीस किलो वजन आहे. आणि नेलं नाही तर इथे फाटकाशी रडत बसतो.”

याच सुमारास ओळखीतल्या ओळखीत कुणीतरी कुत्रा मागितला होता. रायसेनकडे त्याचे फार्महाऊस आहे, तिथे पॉइंटर हवाच आहे म्हणाला. कशाला हवा आहे, ते त्याने सांगितले नाही आणि वहिनींनी विचारले नाही. पण तितराच्या मागावर उभा राहणारा कुत्रा फार्महाऊसवाल्याला कशाला लागतो, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. “ह्यांनी सात वर्षं त्याला एकही पक्षी तोंडात धरू दिला नाही,” एवढेच म्हणाल्या. मी सांगितले, कुत्रा मी नेतो. मुलगा जेवता जेवता उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सगळेच निघालो. वहिनी त्या वाटेला कधीच गेल्या नव्हत्या, त्याही आल्या. डिसेंबरची भोपाळची थंडी चांगलीच झोंबते. गव्हावर दहिवर पडलेले. नाकाच्या कुत्र्याला अशी ओली गार सकाळ लागते. ऊन चढून जमीन सुकली की वास उडून जातो, मग कितीही जातिवंत कुत्रा असला तरी त्याचे काही चालत नाही. तलावावर धुके होते आणि धुक्यातून कुठूनतरी सारसांचा आवाज येत होता. हा मोठा तलाव भोजराजाचा म्हणून सांगतात; २००२ साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली. पण तलावाकडे बघायला मला तेव्हा सवड नव्हती. मुत्तू गाडीतून उतरला आणि त्याचे वयच उतरले. घरी चिंचेखाली लोळणारा म्हातारबुवा इथे कानात वारे भरलेल्या वासरासारखा झाला.

दोर मुलाच्या हातात. कुत्रा पुढे, आम्ही त्याच्या मागे वीसेक पावलांवर, पाच माणसांची वरात. हरभऱ्याच्या बांधाने तो डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. नाक वर, वारा समोरून. मला आजोबांची चाल आठवली. तेही असेच वाऱ्याच्या तोंडावर चालायचे आणि बोललेले त्यांना खपत नसे. अचानक मुत्तूचा वेग कमी झाला. दोन पावले अगदी सावकाश टाकली, जणू खाली काचा पसरल्या आहेत. आणि थांबला. उजवा पाय उचललेला तसाच राहिला. समोर बोरीची एक जाळी, तिच्या बुडाशी वाळके गवत. आम्हाला काहीही दिसत नव्हते.

दृश्य खरोखर देखणे होते, पण मुलाचा चेहरा पडला. “झालं,” तो म्हणाला. “अब नहीं हिलेगा.”

पाच मिनिटे झाली. मुलाने हळूच दोर ओढून पाहिला. कुत्र्याची मान वळली नाही. ‘चल मुत्तू,’ ‘बस कर,’ ‘घर चलो’ सगळे म्हणून झाले. वहिनींनी मायेने हाक मारली. कुत्र्याच्या अंगावरची कातडी बारीक थरथरत होती, बाकी तो पुतळा. मला त्या थरथरीकडे बघवेना. तो हट्ट करीत नव्हता. त्याने त्याचे काम केले होते आणि तो कशाची तरी वाट पाहत होता.

आमची लेक इतका वेळ गप्प राहिली हेच नवल. तिची सरबत्ती सुरू झाली. पक्षी कुठाय, दिसत का नाही, याचा पाय दुखत नाही का, आपण दगड मारून उडवू या का. माझ्या पत्नीचे माहेर धारवाड. ती रागावली की कानडीत रागावते. तिने लेकीचा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “साक!”

मुत्तूने पाय खाली टेकला.

अंग झाडले, जाळीकडे पाठ केली आणि सरळ चालत येऊन माझ्या पत्नीच्या पुढ्यात बसला. वर बघत. त्याच्या मागे जाळीच्या पलीकडून पाच तितर धावत निघाले आणि भर्र करून उडाले. त्यांच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

साक. पुस्तकी कानडीत साकु. पुरे. तो शब्द साधा आहे, आपल्या घरांत जेवणाच्या पंगतीत दहा वेळा उच्चारला जातो. साकु म्हणजे सांभाळणे, पोसणेही होते. पाळलेल्या कुत्र्याला कानडीत साकु नायीच म्हणतात. चार इमलीतल्या त्या घरात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. मित्राच्या घरची भाषा मराठी, शाळा-ऑफिसची हिंदी. त्याची आई बेळगावची, सुनेशी मराठीच बोलायची, आणि लग्नानंतर दोन वर्षांतच ती गेली. पहाटेच्या या माळावर याच्याबरोबर कधी कुणी आलेले नव्हते.

आम्ही आणखी एक शब्द टाकून पाहिला. मी म्हटले, “हुडक.” मुत्तू उठला आणि नाक वर करून बांधाकडे निघाला. हुडक आपल्या बेळगावी मराठीत आहे आणि कानडीतही आहे, पण इंदूरच्या मराठीत नाही. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. वहिनी बांधावर बसल्या.

“म्हणजे हे त्याच्याशी कानडीत बोलायचे?”

“तसंच दिसतंय.”

“मला वाटायचं, शिट्टी मारून काम होतं.” मग थोड्या वेळाने, “माझ्याशी कधी नाही बोलले.”

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते, पण ते माझ्याविषयीचे होते. महिन्यातून एकदा त्याचा फोन येई तेव्हा तो नेहमी कानडीत सुरुवात करायचा. मला कानडी येते. घरात बायको बोलते, बाजारात मी बोलतो. पण मराठीचा प्राध्यापक झाल्यापासून असेल किंवा सीमाभागात भाषेचे जे काही आपण अंगावर घेऊन वावरतो त्यामुळे असेल, मी त्याला मराठीत उत्तर द्यायचो. तो एकदोन वाक्ये आणखी कानडीत बोलून पाहायचा, आणि मग मराठीवर यायचा. बावीस वर्षे हे असे चालले आणि माझ्या ते ध्यानातही आले नव्हते. माळावर उभे राहून ते ध्यानात आले.

पुढचे तीन दिवस रोज पहाटे आम्ही गेलो. पत्नीने मुलाला शब्द शिकवले. निल्ल म्हणजे थांब, बा म्हणजे ये, कुंदर म्हणजे बस. त्याचे उच्चार सुरुवातीला हिंदी वळणाचे होते. तो जोराने ‘साक्!’ असे ओरडायचा आणि कुत्रा हलायचा नाही. पत्नी म्हणाली, “रागवायचं नाही. वाढणाऱ्याला ‘पुरे हं’ म्हणतो ना आपण, तसं म्हणायचं.” तिसऱ्या दिवशी मुत्तू एका लाव्याच्या जोडीवर उभा राहिला. कानडीत त्याला लावक्की म्हणतात, तोही शब्द लगेच सांगून झाला. मुलाने मिनिटभर थांबून हळू आवाजात म्हटले, “साक, मुत्तू.” पाय खाली आला. वहिनी त्या वेळी गाडीपाशी थर्मासमधून चहा ओतत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही, पण कप भरून चहा खाली सांडला.

कुत्रा मी आणला नाही, हे आता सांगायला नकोच. फार्महाऊसवाल्याला वहिनींनी फोन करून नकार दिला. आमचा निर्णय झाला आहे, एवढेच सांगितले. मी माझ्या परीने एक सूचना केली की, मुलाची दहावी होईपर्यंत कुत्र्याला रोज तिकडे न्यायची गरज नाही, घराजवळच्या एकांत पार्कात फिरवले तरी चालेल. दोघांनी मान डोलावली. त्यांनी ती ऐकली नाही, हे मला नंतर कळले.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. असा कुत्रा माळावर नेणे हेही पक्ष्यांना उपद्रव देणेच नव्हे का, असे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याने विचारले. प्रश्न बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये माळावरच्या पक्ष्यांची गणती करायला पॉइंटर वापरतात, न्यूझीलंडमध्ये न उडणाऱ्या पक्ष्यांचा शोध घ्यायला शंभराहून अधिक वर्षे कुत्री मदतीला आहेत, आणि खुद्द भोपाळच्या २३व्या बटालियनच्या केंद्रात वन्यजीवांची तस्करी हुंगून काढणारी कुत्री तयार झाली, हे सगळे मी त्याला सांगितले. पण ती कामाची कुत्री. मुत्तूचे काम कोणते? दोर न सोडणे, विणीच्या दिवसांत न जाणे, एका पक्ष्यापुढे मिनिटाच्या वर न थांबणे, एवढे नियम मुलाने वडिलांप्रमाणे पाळायचे कबूल केले आहे. सहकाऱ्याचे समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झालेले नाही.

आता दर रविवारी सकाळी फोन येतो. ‘काका, आज तितर सहा, लावा दोन, एक ससा.’ ससा म्हणजे मोल, हेही त्याला आता ठाऊक आहे. मी कानडीत विचारतो, तो अडखळत उत्तर देतो, चुकला की हिंदीत हसतो. फोन माझ्यापेक्षा पत्नीलाच जास्त वेळ असतो. मागच्या रविवारी त्याने तिला विचारले, “काकी, बाबा रात्री ऑफिसातून आले की फाटकातच त्याला काहीतरी विचारायचे. ऊटा-आता, असं काहीतरी. तेव्हा तो शेपूट हलवायचा. त्याचा काय अर्थ?”

ऊटा आता. जेवण झालं का.